चक्कर नेमकी कसली?



मागच्या अंकातला लेख वाचून बऱ्याच जणांचे फोन आणि मेसेज आले. त्यांत एक प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. 'पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार, मग त्याचा हृदयाशी काय संबंध? आमच्या बाबांना हल्ली उठले की चक्कर येते. ते हृदयाचे दुखणे समजायचे की पार्किन्सन्सचे?' प्रश्न छोटा आहे, पण उत्तर एका मेसेजमध्ये मावणारे नाही. म्हणून आजचा लेख त्यावरच.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या ह्यांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षे झाली. डभोईसारख्या लहान गावात राहून, औषधोपचारासाठी बडोद्याच्या फेऱ्या मारत, वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते आहे. गोळ्यांमध्ये बदल मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा, हे आधीच सांगून ठेवते.

पार्किन्सन्स म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो थरथरणारा हात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले तेही थरथर, पुढे झुकलेली पाठ आणि घाईघाईने पडणारी पावले यांचेच. पुढे १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी या शास्त्रज्ञाला अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये प्रथिनांचे बारीक गोळे दिसले. त्यांना आज 'लेवी बॉडी' म्हणतात. नंतरच्या काळात तसेच गोळे आतड्यांच्या आणि हृदयाच्या मज्जातंतूंमध्येही सापडले. म्हणजे हा आजार मेंदूपुरता थांबत नाही. आपल्या नकळत शरीराचा कारभार चालवणाऱ्या नसांपर्यंत तो पोचतो. पोट साफ होणे, लघवी, घाम, हृदयाचे ठोके, रक्तदाब हे सगळे त्यांच्याकडेच असते.

आपण उभे राहतो तेव्हा काय होते पाहा. अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. निरोगी माणसात त्याच क्षणी नसांकडून निरोप जातो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थोडे जोरात चालते आणि मेंदूला रक्त कमी पडत नाही. आपल्याला यातले काही कळतही नाही. पार्किन्सन्समध्ये हा निरोप पोचवणारे मज्जातंतू क्षीण होतात. हृदयाकडे जाणारे असे तंतू किती शिल्लक आहेत हे एमआयबीजी नावाच्या स्कॅनमध्ये दिसते आणि पार्किन्सन्सच्या बहुतेक रुग्णांमध्ये ते कमी झालेले आढळतात.

आम्हा डभोईकरांना हे रेल्वेच्या भाषेत पटकन समजते. आमच्या गावाला १८६२ पासून रेल्वे आहे. सुरुवातीला मियागामहून येणारी छोटी गाडी बैल ओढत असत. पुढे डभोई हे नॅरोगेजचे मोठे जंक्शन झाले. इंजिन धडधाकट असले, रूळ शाबूत असले, तरी सिग्नल वेळेवर पडला नाही तर गाडी स्टेशनाबाहेर उभीच राहते. इथे हृदय म्हणजे इंजिन आणि रक्तवाहिन्या म्हणजे रूळ. दोन्ही चांगले असूनही सिग्नल उशिरा पडतो आणि उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो. म्हणूनच कित्येकांचा ईसीजी चांगला येतो, इको चांगला येतो, अँजिओग्राफीही स्वच्छ असते आणि तरी माणूस सकाळी उठून न्हाणीघरापर्यंत जाताना कोसळतो.

झोपलेले किंवा बसलेले असतानाच्या मानाने, उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला उभे राहिल्यामुळे होणारी रक्तदाबाची घट म्हणतात. पार्किन्सन्सच्या साधारण तीन रुग्णांमागे एकाला ती असते. काहींना त्रास जाणवतो, काहींना जाणवतही नाही. ते एकदम पडतात आणि घरचे म्हणतात, 'पाय अडकला असेल.'

आता त्या 'चक्कर' शब्दाकडे येऊ. मराठीत आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. खरे तर आपल्या भाषेत याचे बारकावे पुष्कळ आहेत. खोली फिरल्यासारखी वाटते ते गरगरणे. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो ती अंधारी. शुद्ध हरपते ती भोवळ. डोके ठीक असते पण पाऊल वाकडे पडते तो तोल जाणे. गरगरणे बरेचदा कानाच्या आतल्या भागामुळे असते. अंधारी बरेचदा रक्तदाब उतरल्याने येते. तोल पार्किन्सन्समुळेही जातो. कारणे वेगळी, उपायही वेगळे. उभे राहिल्यावर मानेत आणि दोन्ही खांद्यांत, कोट अडकवायच्या हँगरच्या आकारात दुखत असेल आणि आडवे पडल्यावर थांबत असेल, तर तेही रक्तदाब उतरल्याचे लक्षण असू शकते. सकाळी उठल्यावर थकवा, डोके जड होणे, बोलता बोलता मध्येच हरवल्यासारखे होणे हेसुद्धा.

हे मी एवढ्या तपशिलाने का सांगते आहे? चार वर्षांपूर्वी ह्यांनी एका डॉक्टरांना 'चक्कर येते' असे सांगितले आणि त्यांनी चक्करची नेहमीची गोळी लिहून दिली. हजारो लोकांना दिली जाते तीच. अंधारी थांबली नाही, पण तीन-चार आठवड्यांत ह्यांची चाल आणखी मंदावली, तोंडातून लाळ गळू लागली, चमच्यातली खिचडी ताटात सांडू लागली. येणारा-जाणारा म्हणू लागला, 'आजार वाढलेला दिसतोय.' बडोद्याच्या न्यूरोलॉजिस्टनी गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडायला सांगितली, त्यातले एक बाजूला काढले आणि बंद केले. मग ह्यांना पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजला. १४८/८४. उभे करून तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. १०४/६६. म्हणाले, 'काकी, ही कानाची चक्कर नाही, ही रक्तदाबाची आहे.' ती गोळी थांबवल्यावर चाल पहिल्यासारखी व्हायला दोन महिने लागले.

चक्करसाठी दिली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, तसेच उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड ही औषधे मेंदूतल्या डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. ज्यांना पार्किन्सन्स नाही त्यांच्यातही ती पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करू शकतात. ज्यांच्याकडे मुळातच डोपामिन कमी, त्यांचे काय होईल ते समजतेच. ही नावे मराठीत लिहून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे चिकटवून ठेवली आहेत. नवीन डॉक्टरांकडे जाताना 'ह्यांना पार्किन्सन्स आहे, ही औषधे चालत नाहीत' हे पहिले वाक्य असते.

दुसरा मुद्दा रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांचा. पार्किन्सन्सचे मुख्य औषध लेव्होडोपा, त्याच्या जोडीला दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, काहींना दिली जाणारी सेलेजिलिन, या सगळ्यांनी रक्तदाब थोडाफार उतरू शकतो. त्यात उतारवयात पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन असते, रक्तदाबाची जुनी गोळी वर्षानुवर्षे चालू असते, पाय सुजले म्हणून कोणी लघवीची गोळी दिलेली असते. प्रत्येक डॉक्टरांची गोळी आपापल्या जागी बरोबर असते, पण बेरीज कोणीच केलेली नसते. शिवाय रक्तदाब मोजतात तो खुर्चीत बसवून. तो १५० आला की गोळी वाढते आणि माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना धडपडतो. आमच्याकडे न्यूरोलॉजिस्टनी स्वतः फिजिशियनना फोन केला. दोघांनी बोलून रक्तदाबाच्या गोळीचा डोस आणि वेळ दोन्ही बदलले. तेव्हापासून आम्ही सगळ्या गोळ्यांचा एकच कागद करतो. नाव, वेळ आणि कोणी दिली हे लिहितो. कोणत्याही डॉक्टरांपुढे आधी तो कागद जातो.

कागदावर 'साध्या' गोळ्याही लिहायच्या. पित्तासाठी सकाळी घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डॉमपेरिडोन मिसळलेले असते. हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाला मळमळ होत असेल तर डॉक्टर तेच निवडतात. पण जास्त डोसमध्ये किंवा फार दिवस घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्यावर मर्यादा घातली. दिवसातून जास्तीत जास्त तीनदा १० मिलिग्रॅम, आणि तेही शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त नाही. पार्किन्सन्ससाठी डॉक्टरांनी समजून-उमजून जास्त दिवस दिले असेल तर घाबरून बंद करू नका. पण हृदयाचा आजार असेल किंवा मध्येच एखादे अँटिबायोटिक सुरू होत असेल, तर ईसीजी करायला हवा का, एवढे जरूर विचारा.

झडपांचाही एक धडा आहे. पर्गोलाइड नावाचे पार्किन्सन्सचे औषध हृदयाच्या झडपा जाड करते असे दिसून आल्यावर २००७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. त्याच कुळातल्या कॅबर्गोलिनबद्दलही तोच धोका दिसला. आज प्रामुख्याने वापरली जाणारी औषधे त्या कुळातली नाहीत. तरीही कोणाला पूर्वी कॅबर्गोलिन बरीच वर्षे चालू असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून इकोबद्दल विचारावे.

आणि आपला गावठी उपाय, खाजकुइली! आमच्याकडे गुजरातीत तिला कौचा म्हणतात. तिच्या बियांमध्ये खरोखरच लेव्होडोपा असते, म्हणून ती टाकाऊ नाही. पण म्हणूनच ती 'नुसती पावडर' नव्हे. गोळी चालू असताना शेजारच्या बेनने दिलेले कौचाचे चूर्ण दुधातून घेणे म्हणजे मोजमाप नसलेला जादा डोस घेणे. हालचाली अनावर होऊ शकतात आणि रक्तदाबही उतरू शकतो.

आता घरी काय करता येते ते सांगते. रक्तदाब मोजायचे मशीन घरात ठेवा. थरथर कमी असलेल्या हाताला पट्टा बांधा, कारण हात थरथरत असला की मशीन 'एरर' तरी दाखवते किंवा चुकीचा आकडा देते. सकाळी पाच मिनिटे आडवे पडून एकदा मोजा. मग उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. मागे खुर्ची हवी आणि शेजारी माणूस हवे. अंधारी आली तर आकड्याचा मोह सोडून लगेच बसवा किंवा आडवे करा. तीन-चार दिवस असेच मोजा, एखाद्या दिवशी गोळीनंतर तासाभराने आणि जेवणानंतरही मोजा. वेळेसकट वहीत लिहा. ही दोन पाने बडोद्याला नेली की डॉक्टरांचा आणि आपला अर्धा वेळ वाचतो.

उठताना घाई नको. आधी पडल्या पडल्या पावले वरखाली हलवायची, मग काठावर एक-दोन मिनिटे बसायचे, मग उभे राहायचे आणि उभे राहिल्यावर लगेच चालू न लागता क्षणभर थांबायचे. रांगेत उभे राहावे लागले तर पायावर पाय घालून मांड्या आवळायच्या. सकाळी उठण्याआधी दोन ग्लास पाणी चार-पाच मिनिटांत पिऊन टाकले तर रक्तदाब तासभर बरा सावरतो. रात्री लघवीला पुरुषांनीही बसूनच करावी. आंघोळ स्टुलावर बसून आणि कोमट पाण्याने. पोट साफ ठेवावे, कारण कुंथतानाही रक्तदाब पडतो. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे जाते. म्हणून उंधियू-जिलेबीच्या जेवणानंतर तास-दोन तास बसून राहायचे, लगेच 'जरा पडतो' किंवा 'जरा फिरून येतो' नाही. थोडे थोडे चार वेळा खाल्लेले उत्तम. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, तेव्हा दुपारी बाहेर पडायचे नाही आणि छास, सरबत, पाणी चालू ठेवायचे.

मिठाबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे दोन आजार दोन दिशांना ओढतात. हृदयाचे डॉक्टर सांगतात मीठ कमी करा. रक्तदाब पडणाऱ्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला मात्र थोडे मीठ आणि भरपूर पाणी सांगितले जाते. दोन्ही आजार असतील, हृदय अशक्त असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर किती मीठ आणि किती पाणी हे डॉक्टरांनीच ठरवायचे. लोणचे-पापड वाढवून आपण प्रयोग करायचा नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. उभे राहिल्यावर ज्यांचा रक्तदाब पडतो, त्यांच्यापैकी अनेकांचा आडवे पडल्यावर वाढतो. म्हणून दिवसा सपाट झोपणे टाळायचे, आरामखुर्ची बरी. रात्री पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू सहा इंच वर करायची. नुसत्या उशा रचल्या तर मान वाकते, फायदा होत नाही. आम्ही हे केल्यापासून ह्यांचे रात्री लघवीला उठणेही कमी झाले आहे. एवढ्याने भागले नाही तर पोटाला बांधायचा पट्टा आहे, मिडोड्रिन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधेही आहेत. मिडोड्रिन मात्र झोपायच्या आधी चार तास घ्यायचे नसते, आडव्या स्थितीत रक्तदाब फार चढतो.

एवढे वाचून कोणी असे समजू नका की पार्किन्सन्स असला म्हणजे छातीतले प्रत्येक दुखणे नसांचेच. मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वय या सगळ्यांचा हिशोब पार्किन्सन्सवाल्यांनाही चुकत नाही. उलट त्यांचा हार्ट अटॅक ओळखणे अवघड असते. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आवाज खोल गेलेला असतो, वेदना दिसत नाही. ताठरपणामुळे खांदा नेहमीच दुखत असतो, त्यामुळे डावा हात दुखला तरी 'तेच ते' वाटते. म्हणून छातीवर दडपण, दम लागणे, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात नवे दुखणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

ईसीजी काढताना तंत्रज्ञाला पार्किन्सन्स असल्याचे आधी सांगा. हाताची थरथर कागदावर अशी उमटते की ती हृदयाच्या गंभीर बिघाडासारखी दिसू शकते. अंगावर पांघरूण घालून, हात अंगाखाली दाबून, हातापायांच्या पट्ट्या खांद्याजवळ आणि मांडीजवळ लावून पुन्हा काढला की पुष्कळदा आलेख स्वच्छ येतो.

दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आलीच, तर पार्किन्सन्सच्या गोळ्या चुकू देऊ नका. आयसीयूमध्ये सगळ्यांचे लक्ष हृदयाकडे असते. सकाळी आठची गोळी अकराला मिळाली तर रुग्ण लाकडासारखा ताठ होतो, गिळताही येत नाही. आणि लेव्होडोपा एकदम बंद पडले तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी लावायला सांगा. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल तर तेही ठळक लिहा. पेथिडिन, ट्रॅमाडोल यांसारखी दुखणे कमी करणारी औषधे आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध त्यांच्याबरोबर चालत नाही.

चालणे, हातपाय हलवणे हृदयाला आणि पार्किन्सन्सला दोघांनाही मानवते. फक्त नसांमुळे नाडी इतरांसारखी वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग पुरे. आमचे हे सकाळी हिरा भागोळपर्यंत जातात, काठी आणि पाण्याची बाटली घेऊन.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात, हे मला फार आवडते. तर शुभंकर मंडळी, ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो, पण त्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच आपल्या माणसाचा रक्तदाब एकदा झोपवून आणि एकदा उभे करून मोजा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'चक्कर येते' असे न म्हणता गरगरते, अंधारी येते की तोल जातो, हे सांगा. आणि त्या वहीतले आकडे पुढे ठेवा. काय आढळले ते मलाही जरूर कळवा.